सातवी रांग

कार्ताहेनाला मुद्दाम कोणी येत नाही.
आगगाडी इथं संपते म्हणून उतरतात,
नाहीतर एखादं जहाज चार तासांपुरतं धक्क्याला लागतं
आणि टोप्या घातलेली माणसं
रोमन रंगमंदिराची वाट विचारत सुटतात.

मला हिनेसनं नेलं.
वय शहात्तर. गोदीत वेल्डर होता.
डाव्या हाताची दोन बोटं
एका पाणबुडीच्या पोटात राहिली म्हणतो,
ती अजून समुद्राखाली फिरतायत.

दारात त्यालाही तिकीट.
"स्वतःच्या घरात जायला,"
तो कुरकुरतो,
पण सुटे पैसे आधीच मोजून मुठीत धरलेले.

आत नुसतं ऊन
आणि अर्धगोलात उतरत गेलेला दगड.
तो पायऱ्या मोजत जातो,
सातव्या रांगेत थांबतो.
"इथं आईची चूल."
जरा उजवीकडे सरकून, "इथं कोंबड्या."
खाली, जिथं कोरस उभा राहायचा,
"तिथं डोन्या एनकार्नाचं दुकान.
तिची उधारी राहिलीच."

फरशी फार गार लागते
म्हणून आई जन्मभर पोती अंथरायची.
खाली दोन हजार वर्षांचा संगमरवर होता,
तिला वाटायचं, ओल.

मग ब्रश घेतलेली पोरं आली.
घरं गेली, गल्ली गेली,
आई चौथ्या मजल्यावर गेली, लिफ्टला घाबरत.
एकदाच आली बघायला,
लग्नकार्यातले बूट घालून.
इथंच बसली, या दगडावर.
बराच वेळ सगळ्या रांगांवरून नजर फिरवली
आणि म्हणाली,
"एवढी बसायला जागा होती, हिनेस,
आणि आपण सहाजण एका बाकावर."

दुपारी बोगद्यापलीकडे, काला कोर्तिनाला.
करडी वाळू, गुळगुळीत खडे,
ट्रान्झिस्टर, तळलेल्या मासळीचा वास,
पाण्यात कंबरेपर्यंत उभ्या राहून
सुनांबद्दल बोलणाऱ्या चार बायका.
हिनेसनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
वाळूत त्याच्या अंगठ्याला काही लागलं:
फरशीचा तुकडा, निळी नक्षी,
कुणाच्या तरी न्हाणीघरातला असेल,
नसेलही.

मी वाकणार
तेवढ्यात त्यानं त्यावर पाय ठेवला.

"गप्प राहा," म्हणाला,
"उद्या इथंही तिकीट लावतील."