अर्धा आटा

सतरा नंबरच्या विहिरीवर
नूरहयात गुडघे टेकते, नळीला मीटर जोडते.
विहीर म्हणायची, पण पाण्याची नव्हे;
टेकडीच्या पोटात खुपसलेला भोकाभोकांचा पाइप,
त्यातून जुना कचरा श्वास सोडतो.
मिथेन चोपन्न. ऑक्सिजन नावापुरता. उष्णता एक्केचाळीस.
वहीत पेन्सिलीनेच लिहिते,
शाई इथे टिकत नाही:
खाली काळा समुद्र, वर ढग,
आणि निम्मं वर्ष दोघांच्या मधे
काहीतरी गळतच असतं.

त्या गळतीवरच तर हे सगळं पोसलंय.
शाबान चार वर्षं कोन्याकडच्या कोरड्या माळावर होता.
तिथला ढीग नुसता पडून, म्हणतो,
ना सडतो, ना फुगतो.
वीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र उकरून काढलं
तर हवामानाचा अंदाज वाचता आला:
पाऊस नाही.

इथे येतात हम्सी माशांची मुंडकी. ती घाईची,
वर्षा-दोन वर्षांत आटोपतात.
कोबीची पानं, चहाचा चोथा.
हेझलनटची टरफलं बहुतेक घरच्या शेगडीत जातात,
चुकून आलेली हट्टाने तशीच राहतात,
लाकडाची जात.
पाव मात्र येत नाही.
शिळा पाव इथे कुणी टाकत नाही,
पिशवीत बांधून फाटकाला अडकवतात,
ज्याची गाय असेल त्याने न्यावा.

तिची आई बरणीत मिरच्या घालायची.
मीठ, पाणी, वर धुतलेला दगड.
हवा लागू देऊ नकोस, म्हणायची.
(हवेला त्यांच्याकडेही हवाच म्हणतात,
आणि सबुरीला जवळजवळ सबूरच.)
पण बरणी आंबटावर येऊन थांबते.
टेकडी थांबत नाही.
आधी आत कोंडलेली हवा खाऊन संपवते,
मग आंबते, इतकी, की त्या दिवसांत
तिच्यात काही जगेल असं वाटत नाही.
मग कधीतरी, कुणी न बघता, आंबट निवतं
आणि काळोखातली ती बिनचेहऱ्याची वस्ती
हळूहळू कामाला लागते.

सोमवारी अंकाराहून फोन:
इंजिन अर्ध्यावर चालतंय, ओढ वाढवा.
वाढवली.
मंगळवारी इंजिन छान गरजलं.
गुरुवारी मिथेन एकतीस, ऑक्सिजन चार,
उष्णता सहासष्ट.
वरच्या मातीला हातभर भेग,
तिच्यातून टेकडी हवा गिळत होती.
शाबानने बूट काढले, मोजे काढले,
भेगेच्या कडेला अनवाणी उभा राहिला.
तळपायाला मीटरच्या आधी कळतं म्हणे.
“अजून पेटलं नाही,” तो म्हणाला.
“पेटलं तर दोन हिवाळे विझणार नाही.”

तिने परत फोन केला नाही.
व्हॉल्व्ह फिरवला: अर्धा आटा.
मग दोघांनी फावड्याने ओली चिकणमाती
भेगेत भरली, थोपटली,
पुन्हा भरली.

हा उतार दोन हजार चौदाचा.
त्या साली आई गेली, आणि शेजारणींनी
तिचं स्वयंपाकघर एका दुपारी रिकामं केलं.
अकरा बरण्या होत्या.
नूरहयातने हे शाबानला सांगितलेलं नाही.
काच असेल अजून, इथेच कुठेतरी.
मिरच्या केव्हाच गेल्या असतील
पाइपातून, इंजिनातून,
कुणाच्या तरी जिन्यातल्या दिव्यात,
जो कुणीतरी विझवायला विसरलं.

आठ दिवसांनी: मिथेन एकोणपन्नास.
उष्णता उतरतेय, पण सावकाश.
इंजिन अजून अर्ध्यावर,
आणि अंकाराहून एक खरमरीत पत्र.
तिने ते वहीत घडी करून ठेवलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
विहीर सतरा. बंद नाही.
जेवते आहे.