दोन रकाने

सुवर्णाने जुन्या केसपेपरच्या पाठीवर
मधोमध रेघ मारली.
डावीकडे कारवानी, उजवीकडे पग.
म्हणाली, आई, आपल्या राहणीला कुठलं कुत्रं बसेल
ते आधी बघायचं, मग आणायचं.

मी विड्या वळत होते. सूप मांडीवर.
म्हटलं, वाच.

कारवानी : मंद्रूपच्या बिराप्पाकडे, दोन महिन्यांचं, फुकट.
उंच होणार, कंबर मुठीत मावेल एवढी.
ससा दिसला की हाक ऐकणार नाही.
रोज दोन-तीन मैल मोकळं रान पाहिजे.
ऊन सोसतं. भाकरीवर राहतं.
परक्याचा हात खपत नाही.

पग : डॉक्टरीणबाईंचा, त्या निघाल्या पुण्याला. चार वर्षांचा.
नाव ठेवूनच आलेला, लाडू.
नाक आत गेलेलं, कुणी दार लावताना मध्ये आल्यासारखं.
घोरतो. दोन खांब चालला की बसतो.
ऊन सोसत नाही, पंखा पाहिजे, ओला टॉवेल पाहिजे.
कुणाच्याही मांडीवर जातो, चोराच्याही.

सुवर्णाने उजव्या रकान्यावर पेन टेकवलं.
तू दिवसभर बसलेली, तो दिवसभर बसलेला.
जुळतंय की.

जुळतंय.
एकतीस वर्षं मी याच भिंतीला टेकून बसले.
भिंतीवर माझ्या पाठीच्या मापाचा डाग आहे,
दर दिवाळीला चुना मारला तरी वर येतो.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा.
असं रोज हजार वेळा.
त्याआधी मी कन्ना चौकातून शाळेपर्यंत
परकर खोचून पळायचे, पोरं मागे राहायची.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
मी विचारलं नाही.

रविवारी तिला म्हटलं, कारखान्यात जाऊन येते,
आणि मंद्रूपची एस.टी. धरली.

बिराप्पाने पिलाच्या आईला सोडलं,
ज्वारी निघालेल्या रानात.
ती पळाली असं नाही म्हणता येणार.
जमिनीनेच तिला एका बांधावरून उचललं
आणि दुसऱ्यावर ठेवलं.
माझ्या गुडघ्यात काहीतरी उठलं,
पुन्हा बसलं.
बिराप्पा म्हणाला, घिऊन जावा की अक्का, गुणाचं हाय.
पिलाने माझा हात हुंगला आणि तंबाखूने शिंकलं.
मी त्याचे पाय हातात घेऊन बघितले,
लांब, आपण कशासाठी आहोत ते अजून न कळलेले.
विडी घरकुलातली माझी खोली दहा बाय बारा.
असे पाय भिंतीशी बसवायचे कसे,
ते मला येतं.
म्हणून नाही आणलं.

लाडू मंगळवारी रिक्षाने आला,
गादी, वाटी आणि औषधांची पिशवी घेऊन, माहेरपणाला आल्यासारखा.
दुपारपर्यंत तंबाखूच्या धुळीने त्याला धाप लागली.
हे कोष्टकात नव्हतं.
मग काय. सूप उचललं, पानांचं ओलं पोतं उचललं,
बाहेर पत्र्याखाली जाऊन बसले.
पंखा त्याला.

आता येणारे-जाणारे दिसतात. राजव्वा दुपारची बोलायला थांबते.
विड्या साडेनऊशेवर आल्यात, छाट वाढली,
कारखान्यात दोनदा ऐकून घेतलं.
पत्रा तापतो. नळाला पाणी पाचव्या दिवशी,
त्यातली अर्धी बादली त्याच्या टॉवेलला.
सुवर्णा म्हणते, हिशेब चुकला.
चुकला असेल.

ऊन उतरलं की आम्ही निघतो.
दोन खांब झाले की लाडू बसतो, जीभ बाहेर, डोळे कपाळाला.
मी तिसऱ्या खांबाशी उभी राहून वाट बघते.
राजव्वा ओट्यावरून ओरडते, कोण कुणाला फिरवतंय गं?
मी पदर खोचते.
कुणी बघत नाही असं बघून
चौथ्या खांबापर्यंत जरा भरभर जाते.
परत येते.
त्याला उचलते. नऊ किलो.