कानोसा

फर्मीनमामा बोटीनं आला, ला गोमेराहून,
फडक्यात बांधलेलं चीज, लांब काठी
आणि कानांच्या दवाखान्यातला लिफाफा घेऊन.
आतल्या कागदावर त्याच्या ऐकण्याची रेघ
सरळ चालत येते आणि उजवीकडे
दरीत उतरते.

त्याच्या गावात घरं हाकेच्या अंतरावर नसतात,
शिळेच्या अंतरावर असतात.
शेळी हरवली, पाव संपला, पोरगी झाली,
सगळं तोंडात बोट घालून, खिंडीपलीकडे.

मी त्याला इसान्याच्या माथ्यावर आणलं,
जिथं मी रोज सूर्याचा कानोसा घेते.
सहाराची धूळ आलेली, आभाळ ताकासारखं.
कपाटाएवढी पेटी, पेटीत काचेची कुपी,
कुपीत सोडियमची वाफ.
"आणि ऐकू कुठून येतं?"
येत नाही, म्हटलं. मधे हवाच नाही.
तो वर येतो, खाली जातो, माणसाच्या चालीनं;
तेवढा त्याचा उजेड सरकतो. ते सरकणं मोजायचं.
एक नजर खालच्या थरावर, एक वरच्या.
खालचा हलला की वरचा किती सेकंदांनी हलतो,
माझा पगार त्या उशिराचा.

"मग? म्हणतो काय?"
पाच मिनिटांचा झोका छताला लागून परत फिरतो.
तीन मिनिटांचा निसटतो,
विरळ होत जाणाऱ्या वातावरणात चढतो, आणि तिथं विरतो.
मामानं लिफाफ्यातला कागद काढला,
पडद्याशेजारी धरला, तिरका करून पाहिला.
"बारीक ते निसटतं, जाडं ते घरात.
तुझा म्हातारापण कामातून गेला म्हण."

मग बाहेर गेला, कठड्याशी, आणि बोट वाकवून
शिळेत माझं नाव घातलं. यु-रे-ना.
त्यातला 'रे' उंच चढतो.
तोच त्याला आता ऐकू येत नाही.
समोरच्या कड्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.
एक. दोन. अडीच.
"आली?"
आली, मी म्हटलं, पूर्ण आली.
त्यानं आणखी एकदा घातली.
आणि आणखी एकदा.

आत आले तर दुर्बीण सूर्यावरून घसरलेली.
वहीत लिहिलं : ११.४२ ते ११.५१, नोंद नाही.
कारणाच्या रकान्यात : धूळ.