गळ्याचं माप

मार्चमध्ये आपण शेडचं दार काढलं.
म्हणजे मी काढलं. तू बर्फात आडवा होतास,
ओठ लाल, जसे लिंगनबेरीच्या दिवसांत व्हायचे,
आणि मलाच समजावत होतास:
नुसतं डोकं दुखतंय, आऊने, कॉफी प्यायलो की उतरेल.
त्या वायूला वास नसतो.
तो पाहुण्यासारखा येतो आणि घरधन्याच्या खुर्चीत बसतो.
बिजागऱ्या मी कुऱ्हाडीने उचकटल्या.
आता त्या दाराचा बाक आहे दक्षिणेच्या भिंतीशी
आणि शेड कायमची आ वासून.
बर्फ आत येतं. येऊ दे.

तेव्हापासून तू बाकावर, मी यंत्रापाशी.

राखाडी फर्ग्युसन, तुझ्याहून दोन वर्षांनी धाकटा.
त्याच्या कुशीला तू टांगलेली भट्टी:
सौनातल्या जुन्या बंबाची टाकी,
फिल्टरला डेअरीचे दोन दुधाचे कॅन,
गॅस निववायला शाळेतून मोडीत काढलेला रेडिएटर,
ज्यावर अजून खिळ्याने कोरलेलं वाचता येतं:
रित्वा गाढव आहे.
पेट्रोलवर अठ्ठावीस घोडे. लाकडावर सोळा.
उरलेले बारा, तू म्हणायचास, रानात चरायला गेलेत,
शिट्टी मारली की येतील.

शिट्टी कशी मारायची ते वहीत नव्हतं.
वहीत होतं:
आल्डर, मुठीएवढे तुकडे. एक उन्हाळा वाळलेलं नको, दोन.
ठोकळे कमान धरून अडकतात, वर गच्च, खाली उपाशी.
दर अर्ध्या तासाला टाकीला लाथ.
लाथेखाली दोन रेघा.
आणि शेवटी, थरथरत्या अक्षरात:
गळा १०५. डांबर. व्हॉल्व्ह परत चिकटले.

मग मी गळा मोजला.
भट्टीतली सगळ्यात अरुंद जागा,
जिथून धूर लाल निखाऱ्यांतून खाली खेचला जातो
आणि धूर राहत नाही.
एकशे पाच! एवढ्या ऐसपैस वाटेने
काहीही निसटेल, अर्धं जळलेलं, अर्धं कच्चं,
इंजिनाच्या पोटात जाऊन काळं होऊन बसेल.
आपल्या घरात कुणी बोलका असता
तर तुला हे आधी कळलं असतं, तौनो.

नांगराच्या जुन्या तव्यातून मी कडं कापलं. ऐंशी.
पहिलं तडकलं. दुसरंही, आणि त्या दिवशी मी
तुला न दिलेल्या बऱ्याच शिव्या तव्याला दिल्या.
तिसरं डाग न देता नुसतं ठेवलं, भोवती राख चेपली,
म्हटलं, तापलीस की पसर, तुला कोण अडवतंय.

आज सकाळी पंखा फिरवला.
आधी पांढरा धूर, मग पिवळट,
मग तोंडाशी फक्त हवा थरथरताना.
काडी लावली. ज्योत दिसेना.
वाकून पाहायला गेले आणि डावी भुवई गेली.
इतकी निळी, की उन्हात नव्हतीच.

बटाट्याच्या चढावर, त्या वळणावर,
जिथे मागच्या वर्षी तीनदा मान टाकली होती त्याने,
मी श्वास धरून बसले. तो चढला.
रडत-खडत, पण चढला.
बाकावरून तू दोन बोटं वर केलीस.
मला वाटलं शाबासकी.
तू काठी टेकत आलास, बॉनेट उघडलंस,
डिस्ट्रिब्युटर दोन अंश फिरवलास,
जसं बाळाचं डोकं उशीवर सरळ करावं,
कारण हा गॅस सावकाश पेटतो, ठिणगी त्याला आधी हवी.
आवाजातला घोगरेपणा गेला.
तू कान देऊन ऐकलंस, बराच वेळ.
"एकोणीस," म्हणालास.
दिवसभरात तुझा तेवढाच शब्द.

रात्री अकराला, दिवा न लावता, मी वहीत लिहिलं:
गळा ८०. कापडी फिल्टर करडा, काळा नाही.
कॅनमधून दीड लीटर पाणी काढलं.
तीन घोडे परत आले. भुवई एक गेली.

सकाळी खाली तुझं अक्षर होतं:
७८ करून बघ.