थोडं डावीकडे

बेरूचा धक्का म्हणजे
प्रवाळाचे रचलेले दगड आणि एक गंजकं पिंप.
तिथे नेई रोटिया बसून होती पहाटेपासून.
मांडीवर कोंबडी, शेजारी टॉवेलात गुंडाळलेलं
हाताने फिरवायचं शिवणयंत्र.

मालबोट तीन महिने फिरकली नव्हती.
पीठ संपलं, तंबाखू संपली,
ओनोतोआच्या बहिणीशी भांडण तेवढं शिल्लक होतं.
आईचं यंत्र. दोघींचा हक्क. सोळा वर्षं.

माझी होडी अठ्ठावीस फुटी,
बुडाला शेवाळ, पंप अधूनमधून रुसणारा.
म्हटलं, समुद्र खवळलाय, आजी, चालेल ना?
तिने पाहिलं माझ्याकडे,
पाणी चालेल का, असं माशाला विचारल्यासारखं.

ऊन कलताना खडपाच्या फटीतून बाहेर पडलो.
वारा पाठीशी, शीड गच्च भरलेलं,
कोंबडी सुकाणूच्या दांड्याशी ठाण मांडून.
पडद्यावर आमचा ठिपका निळ्यावरून सरकत होता.
रोटिया तळाशी पाठ टेकून पडली, डोळे मिटून.
मला वाटलं, झोपली.

"दोन लाटा आहेत," ती म्हणाली.
"मोठी, ती तुला दिसते.
दुसरी बारीक, आडवी, बेटावर आपटून परत आलेली.
थोडं डावीकडे घे."

घेतलं नाही.
माझ्याकडे उपग्रह होते.

मध्यरात्री केव्हातरी एक पिवळा दिवा.
इंजिनाची धडधड वाऱ्यात तुटत तुटत आली.
मी टॉर्च तीनदा हलवला.
तिकडूनही तीनदा.
कुणी हसल्यासारखं वाटलं,
का दोरच वाजला डोलकाठीवर, देव जाणे.

उजाडलं तर बेट नाही.
रोटिया काही बोलली नाही, हनुवटीनेच दाखवलं
डावीकडे, दूर, एकटाच ढग, पोटाखाली हिरवा:
बेटाच्या कुशीतलं उथळ पाणी उतरलं होतं त्यात,
जसा पातळाचा रंग उतरतो अस्तरावर.

सारी सकाळ गेली वाऱ्याच्या तोंडावर उलटं चढण्यात.
पुढचं शीड फाटलं,
आधी वीतभर, मग हातभर.

गुडघाभर पाण्यात इओतेबा धावत आला,
बहिणीचा नातू, अंगात शाळेचा शर्ट, खाली काही नाही.
मौरी, मौरी.
आजी कुठंय रे?
गेली.
कुठे?
बेरूला. काल दुपारी, सोसायटीच्या मोटरबोटीतून,
खोबऱ्याच्या पोत्यांवर बसून. तुझ्याकडेच.
भांडायला का मिटवायला, ते नाही सांगितलं.

रोटिया ओल्या वाळूत बसली.
आधी खांदे हलले, मग सगळं अंग,
हसता हसता कोंबडी निसटली हातातून.
"तीनदा!" ती म्हणाली. "तीच ती.
मेली मीठसुद्धा मोजून घालते."

परत सोडू का, मी विचारलं.
"नको.
मी निघाले की तीही निघेल."

मग बहिणीच्याच चटईवर तिने यंत्र मांडलं
आणि माझं शीड मांडीवर ओढून घेतलं.
बायका येऊन बघून गेल्या, हेच का ते?
कापड जाड. दोन सुया मोडल्या.
पांढरा दोरा संपलेला, लाल लावला.
इओतेबा मूठ फिरवायचा, दमला की हात बदलायचा,
ती कापड सरकवत राहिली, ओठांत टाचणी धरून.
भाड्याचं मी बोललो नव्हतो. तीही नाही.

तिसऱ्या दिवशी निघालो तेव्हा मोटरबोट आलेली नव्हती.
यंत्रावर टॉवेल होता, कोंबडी टॉवेलावर.

फट ओलांडल्यावर दांडा दोरीने बांधला,
तळाशी पाठ टेकली, डोळे मिटले.
एकच लाट लागली, मोठी.
खूप वेळ पडून राहिलो. दुसरी नाहीच.

उठलो. वर लाल शिवण वाऱ्याने तट्ट ताणलेली.
पडदा म्हणत होता, सरळ.
थोडं डावीकडे घेतलं.