वेलांटी

दांडिया बाजारातून सूरसागराकडे वळताना
जिथे पूर्वी सायकलीत हवा भरून मिळायची
त्या तिकोनी तुकड्यावर
त्र्यंबक पागनीस बसवलेत.

बसवलेत म्हणजे बाकावर.
उभं करण्याइतका निधी जमला नाही.
ब्राँझ नाही, फायबर आहे, वरून ब्राँझचा रंग.
पोटावर टिचकी मारली तर
रिकाम्या डब्यासारखे वाजतात.

घडवणारी पोरगी, हेतल परमार,
वही घेऊन माझ्याकडे आली होती:
नाक कसं होतं, हात कुठे ठेवायचे?
मी म्हटलं, बाई गं, नाक नाही आठवत.
बावीस वर्षं मी त्यांची वेलांटी पाहिली.

छापखाना रावपुऱ्यात, मी मुद्रितं तपासायची.
ते प्रतापनगरहून यायचे संध्याकाळी,
डभोईच्या छोट्या गाडीचा हिशेब मिटवून.
रद्द व्हाउचरच्या पाठीवर गोष्ट.
पुढे: कोळसा, सव्वातीन टन, मिळाला, सही.
मागे: परीने पंख इस्त्रीला टाकले
आणि धोब्याने गाव सोडलं.

आणि दर वेळी परि ऱ्हस्व.
मी लाल शाईने दीर्घ करायची,
समासात लिहायची: पुन्हा तेच!
ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे,
म्हणायचे, असू द्या हो,
घाईत होती बिचारी.

अनावरणाला महापौर गुजरातीतून बोलले,
जावई मराठीतून, माइक कुठल्याच भाषेत नाही.
मग कापड ओढलं. टाळ्या.
काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं:
परिकथाकार.
ऱ्हस्व.
दगडात.
सेव-उसळीचा द्रोण माझ्या हातात तसाच गार झाला.

चार दिवस झोप नाही.
पाचव्या पहाटे नातीची नेलपॉलिश उचलली,
लाल, बाटलीवर चिकटवलेली चांदणी,
आणि निघाले.
या वयात, एकाहत्तर संपताना,
एका वेलांटीसाठी.

पुतळ्याच्या मांडीवर एक पोरगं बसलेलं.
गजरेवाल्या मंजूचा ध्रुविल.
पाय हलवत खारी खात होतं.
शुं करो छो, बा?
म्हटलं, चूक सुधारतेय.
तो वाकून पाटी बघू लागला.
याच्या शाळेतल्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते;
म्हणाला, तुमची अक्षरं
दोरीवर वाळत का घातलीत?

मला एकदम तो धोबी आठवला.
ते पंख.
त्या गोष्टीचा शेवट मीच तपासला होता,
आणि मला तो आठवेना.

वाच ना, पोरगं म्हणालं.
मी बोट ठेवलं, प, मग रि,
आणि तिथेच अडकले.
परि.
आजोबांच्या पोथीतला परि.
म्हणजे पण.
राजाला सगळं होतं, परि.
वाट सरळ होती, परि.
मुलगी गप्प बसणारी होती, परि.

त्यांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही.
रेल्वेचा कारकून माणूस,
शुद्धलेखनात कच्चाच होता.
परि
बावीस वर्षांत एकदाही
त्यांच्या कुठल्या गोष्टीत
पण आला नाही, असं झालं नाही.

पोरगं खारीचे कण झटकत म्हणालं,
पछी?

पुढे काय, मला कुठे माहीत?
मी दुसऱ्याच्या गोष्टीतले काने-मात्रे बघितलेली बाई.
तरी बसले बाकावर, उरलेल्या जागेत,
पागनिसांच्या कोपराला कोपर लावून,
आणि सुरुवात केली:
एक धोबी होता.
त्याच्याकडे कुणाचे तरी पंख राहिले होते.
परत द्यायचे होते त्याला. परि.

पछी?

बाटली कधी त्याच्या हाती गेली कळलं नाही.
उजेड झाला, पहिली रिक्षा गेली,
तेव्हा पुतळ्याच्या डाव्या अंगठ्याचं नख
लालभडक झालेलं होतं,
थोडं बाहेर गेलेलं,
आणि पाटी जशीच्या तशी.

महापालिकेने ते नख अजून पुसलेलं नाही.
हेतल एकदा येऊन बघून गेली.
म्हणाली, हात असाच हवा होता मला,
नुकतंच काहीतरी तपासून ठेवल्यासारखा.
मी काही बोलले नाही.