फेसाचं साल

त्या ऑगस्टात नेकार नदीच्या तोंडाला फेस आला.
खरोखरचा. बंधाऱ्याखाली पुरुषभर उंच.
वारा सुटला की त्याचे गोळे उडत
आणि पलीकडच्या बटाट्यांवर जाऊन बसत.
मी सोळा वर्षांची, तरी क्षणभर वाटलं, बर्फ.

बाबा, गोटलोब हेगेले, लॉकचे दरवाजे राखत.
नाव दिसायची नाही,
भोंग्याच्या अंदाजाने चाक फिरवत.
कोळशाच्या नावेवरचा कुत्रा एकदा फेसात उतरला
आणि बराच वेळ
त्याचं नुसतं भुंकणंच बाहेर येत राहिलं.

आई मात्र खूश.
आमचं पाणी चुन्याचं, साबण त्यात फुटायचा,
सदऱ्यांवर करडी साय धरायची.
ही नवी पावडर चुन्याला भीक घालत नव्हती.
चादरी बघा, ती म्हणे.
बाबा खिडकीतून नदी बघत.
दोघांचंही बरोबर होतं,
म्हणून जेवताना कुणी बोलत नसे.

पुढे ऱ्हाईनकाठच्या कारखान्यात
परीक्षानळ्या धुता धुता कळलं, हे काय होतं:
शेपटी लावलेलं बेंझिनचं षट्कोनी कडं,
त्यावर धुरकट ओलियम, थेंब थेंब, जपून.
कड्याला गंधक चिकटतो, तीन ऑक्सिजन घेऊन,
आणि टोकाला एक हायड्रोजन,
जो हे आम्ल मागायच्या आत देऊन टाकतं.
कॉस्टिक सोडा भेटला की निवतं.
मग डोकं पाण्याकडे ओढ घेतं,
शेपटी पाण्याला पाण्यात पाहते,
शिरते कॉलरच्या तेलकट मळात.
त्या ओढाताणीत मळ सुटतो.

दोष गंधकाचा नव्हताच.
डॉक्टर काप्फ फळ्यावर शेपटी काढून दाखवत:
फांद्याच फांद्या.
जिवाणू एका टोकाने कुरतडायला लागतो
आणि पहिल्याच फाट्याशी अडतो, उपाशी.
"सरळ करा," एवढंच म्हणाले, आणि खडू खिशात टाकला.

सरळ केली. सांडपाण्याच्या बरण्यांत घातली.
रोज सकाळी मी बरणी हलवून
फेसाला फूटपट्टी लावायची.
अकरा सेंटिमीटर. अकरा. नऊ.
मध्ये ईस्टरची सुट्टी आली.
परतले तर दोन.
मग एकच बुडबुडा,
मी वहीत लिहीपर्यंत थांबलेला.

कायदा झाला. कारखान्यांनी शेपट्या बदलल्या.
पानगळीत बाबांना फोन केला.
गेला का फेस?
गेला.
मग बराच वेळ नुसती तार गुणगुणली.
"आता पाणी दिसतं," ते म्हणाले.
"काळं आहे गं.
आणि काठाशी कुणाची तरी सायकल बुडालीय."

मागून आईचा आवाज:
विचारा तिला,
पावडर बदलली म्हणतात,
मग चादरी तशाच पांढऱ्या कशा?